पुल रिक्वेस्ट ‘चेकची वाट पाहत’ अडकून राहते: गिटहबवरील नियम, वर्कफ्लो आणि मर्ज क्यू यांच्यातील विसंगतीचे निवारण

लक्षण

गिटहब या कोड सांभाळणाऱ्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये मिसळून घेण्याची (मर्ज करण्याची) विनंती, तयार असते, सहकाऱ्याने ती वाचून मंजुरी दिलेली असते, चेकच्या, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासण्यांच्या, यादीत कुठेही लाल फुली नसते आणि तरीही मर्जचे बटण करडेच राहते. यादीच्या तळाशी एक पिवळा ठिपका आणि त्यापुढे ‘एक्स्पेक्टेड — वेटिंग फॉर स्टेटस टू बी रिपोर्टेड’ एवढीच ओळ दिसते. तास उलटून गेला तरी ती ओळ बदलत नाही. चालू असलेल्या चेकपुढे फिरते वर्तुळ असते आणि त्यावरून रनच्या (तपासणीच्या त्या फेरीच्या) नोंदीपर्यंत जाता येते. या ओळीला मात्र तशी लिंक नसते, कारण जिच्याकडे न्यावे अशी नोंदच अस्तित्वात नसते. हा फरक नीट पाहून ठेवावा, कारण पुढचे सगळे निदान त्यावर उभे आहे.

आमचा गट सांगलीत विश्रामबागेत बसतो. काही जण मिरजेहून आणि तासगावहून काम करतात. मार्केट यार्डातील आडत दुकानांत हळदीचा किंवा बेदाण्याचा सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी दिली जाते, म्हणजे वजन, दर, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल आणि हाती येणारी रक्कम दाखवणारा कागद, ती तयार करून छापणारी मुक्त स्रोत प्रणाली आम्ही सांभाळतो. तिची रिपॉझिटरी (कोडचे भांडार) सार्वजनिक असून संस्थेच्या खात्याखाली आहे. तिच्यात सर्व्हर, मोबाइल ॲप आणि ‘पट्टी-साचे’ नावाचा फोल्डर असे तीन भाग आहेत. साच्यातील एका ओळीची जागा बदलली म्हणून सर्व्हरच्या सगळ्या चाचण्या चालवाव्यात, हे कोणालाच पटणार नाही. त्यामुळे सर्व्हरच्या वर्कफ्लोला, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणाऱ्या फाइलला, ‘फक्त सर्व्हर फोल्डरमध्ये बदल झाला तरच चाल’ अशी पाथची अट घातलेली होती. अशी अट घालणे हे स्वाभाविक आहे आणि असंख्य रिपॉझिटऱ्यांत ती आढळते. अडचण तिच्यात नाही. तीच तपासणी मर्जच्या नियमांत ‘आवश्यक’ म्हणून नोंदवली गेली की दोहोंचे जुळेनासे होते.

ही तक्रार वरवर मिटते आणि काही काळाने ये रे माझ्या मागल्या म्हणत परत येते, म्हणून हे टिपण जरा विस्ताराने लिहिले आहे. प्रत्येक वेळी निमित्त वेगळे असते: कधी फक्त साच्यात बदल झालेला असतो, कधी मर्ज क्यू (मर्जसाठीची रांग) सुरू केलेली असते, कधी नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची आवृत्ती बदललेली असते, तर कधी मर्जचे नियम जुन्या ब्रँच प्रोटेक्शनवरून नव्या रूलसेटवर नेताना स्थलांतर झालेले असते. मूळ कारण मात्र या सगळ्यांत एकच आहे.

मूळ कारण

आवश्यक चेक म्हणजे प्लॅटफॉर्मच्या दृष्टीने केवळ एक नाव असते. ‘या नावाचा निकाल या कमिटवर (बदलाच्या या नोंदीवर) यशस्वी म्हणून नोंदलेला असल्याशिवाय मेन ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) काहीही जाऊ द्यायचे नाही’, एवढेच तो नियम सांगतो. हा निकाल कोणत्या फाइलमधला वर्कफ्लो देणार आहे, तो कोणत्या घटनेवर (उदाहरणार्थ पुल रिक्वेस्ट येण्यावर) चालतो, त्याला पाथची अट आहे की नाही, यांपैकी काहीही नियमाला ठाऊक नसते. उलट वर्कफ्लोलाही आपले नाव कोणी आवश्यक ठरवले आहे याची कल्पना नसते. ऊसतोडीच्या टोळीत एखाद्याचे नाव हजेरीपटावर असावे, त्या दिवशी त्याला कामावर बोलावलेच नसावे आणि मुकादमाने मात्र त्याची हजेरी लागेपर्यंत गाडी हलवायची नाही असे ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

येथे एक भेद निर्णायक ठरतो आणि तो गिटहबच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेला आहे. पाथची अट, ब्रँचची अट किंवा कमिट संदेशातील ‘स्किप सीआय’ (सीआय, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्या, टाळा) ही सूचना यांमुळे संपूर्ण वर्कफ्लोच वगळला गेला, तर त्याच्याशी जोडलेले चेक ‘पेंडिंग’ राहतात. वर्कफ्लो सुरू झाला आणि त्याच्या आतला एखादा जॉब (कामाचा टप्पा) ‘इफ’च्या अटीमुळे वगळला गेला, तर त्या जॉबचा निकाल यशस्वी म्हणून कळवला जातो. दाराबाहेर अडवलेल्याचा निरोप येत नाही, आत येऊन परत गेलेल्याचा येतो. म्हणून उपायाची दिशाही ठरून जाते: गाळणी दारावर न लावता आत लावायची.

पहिली तपासणी: रन झाला की नाही

ॲक्शन्सच्या, म्हणजे वर्कफ्लो चालवणाऱ्या गिटहबच्या सेवेच्या, टॅबवर जाऊन त्या पुल रिक्वेस्टच्या ब्रँचचे रन पाहावेत. रन मुळीच नसेल, तर अट आडवी आली आहे किंवा घटनाच घडलेली नाही. रन आहे आणि हिरवाही आहे, तरी पिवळी ओळ कायम असेल, तर जवळजवळ नेहमी नावात फरक असतो. रन आहे, नावही जुळते, पण तो शेवटच्या कमिटवरचा नाही, अशी तिसरी शक्यता असते; आवश्यक चेक नेहमी अगदी शेवटच्या कमिटवर यशस्वी असावा लागतो, त्याच्या आधीच्या कमिटवरचा हिरवा निकाल धरला जात नाही.

रन मुळीच नाही असे दिसल्यावर अनेक जण ‘री-रन’चे बटण शोधत बसतात. जो रन झालाच नाही तो पुन्हा चालवणार कसा? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ती गत होते. रिकामे कमिट पुश केल्याने (गिटहबवर पाठवल्याने) घटना नव्याने घडते हे खरे, पण पाथची अट तशीच असल्याने वर्कफ्लो पुन्हा वगळला जातो आणि पिवळी ओळ आहे तिथेच राहते.

उपाय: एकच आवश्यक नाव, आणि ते नेहमी चालणारे

आमच्या मते टिकणारा उपाय एकच आहे. वर्कफ्लोच्या सुरुवातीची पाथची अट काढून टाकावी, म्हणजे प्रत्येक पुल रिक्वेस्टवर वर्कफ्लो सुरू होईलच. त्यात पहिला जॉब कोणत्या फोल्डरांत बदल झाला आहे हे शोधून काढेल. सर्व्हरच्या चाचण्या, ॲपची बांधणी आणि साच्यांची तपासणी हे तीन जॉब त्या पहिल्या जॉबच्या उत्तरावर ‘इफ’ने अवलंबून राहतील. सर्वांत शेवटी ‘एकत्रित निकाल’ असा एक जॉब असेल, जो ‘नीड्स’मध्ये (आधी पूर्ण व्हायच्या जॉबांच्या यादीत) वरच्या सर्व जॉबांची नावे घेईल. नियमांत आवश्यक म्हणून फक्त या शेवटच्या जॉबचे नाव नोंदवावे, बाकी सर्व नावे तिथून काढून टाकावीत.

‘इफ’ने वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो, तर मग शेवटचा जॉब हवाच कशाला, असा प्रश्न येथे पडू शकतो. त्याचे उत्तर मॅट्रिक्समध्ये, म्हणजे एकच जॉब अनेक आवृत्त्यांवर चालवण्याच्या सोयीत, आहे. मोबाइल ॲपच्या चाचण्या नोडच्या दोन आवृत्त्यांवर चालत असतील, तर चेकची नावे ‘चाचणी (२०)’ आणि ‘चाचणी (२२)’ अशी तयार होतात. जॉबवरची ‘इफ’ अट मात्र मॅट्रिक्स उलगडण्याच्या आधीच तपासली जाते. त्यामुळे जॉब वगळला गेला की ‘चाचणी (२०)’ आणि ‘चाचणी (२२)’ ही नावे जन्मालाच येत नाहीत आणि नियम त्यांची वाट पाहत बसतो. शिवाय आवृत्ती बदलली की नावही बदलते. नोड १८ ची देखभाल एप्रिल २०२५ मध्ये संपली. तेव्हा मॅट्रिक्समधून १८ काढून टाकणाऱ्या ज्या गटांनी नियमांतले ‘चाचणी (१८)’ तसेच ठेवले असेल, त्यांच्या सर्व पुल रिक्वेस्ट त्या क्षणापासून अडकल्या असणार. एकत्रित निकालाच्या जॉबला मॅट्रिक्स नसते, म्हणून त्याचे नाव स्थिर राहते.

आता या उपायातील खरा धोका. एकत्रित निकालाचा जॉब साधेपणाने लिहिला आणि ‘नीड्स’मधल्या सर्व्हरच्या चाचण्या नापास झाल्या, तर गिटहब हा शेवटचा जॉब चालवत नाही, वगळतो. वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो हे आपण वर पाहिले. म्हणजे चाचण्या नापास, एकत्रित निकाल वगळलेला आणि मर्जचे बटण हिरवे! अडकून पडणाऱ्या पुल रिक्वेस्टपेक्षा ही स्थिती कितीतरी वाईट आहे, कारण अडकणे निदान डोळ्यांना दिसते. हे दिसतही नाही. यासाठी शेवटच्या जॉबवर ‘इफ’मध्ये ‘ऑलवेज’ लिहिणे अनिवार्य आहे, म्हणजे आधीचे काहीही झाले तरी तो चालतो. पण तेवढ्याने भागत नाही. तो चालला आणि त्याने काहीच तपासले नाही, तर तो नेहमी हिरवाच राहील. त्याच्या एकमेव पायरीत ‘नीड्स’मधील प्रत्येक जॉबचा निकाल वाचावा. हा निकाल चारपैकी एक असतो: यशस्वी, नापास, रद्द किंवा वगळलेला. एकही ‘नापास’ किंवा ‘रद्द’ असेल तर पायरीने शून्याखेरीज अन्य कोड देऊन बाहेर पडावे. ‘यशस्वी’ आणि ‘वगळलेला’ दोन्ही चालतील. ‘रद्द’ विसरू नये. एकाच ब्रँचवर नवा पुश आला की जुना रन रद्द करण्याची सोय अनेकांनी लावलेली असते, आणि रद्द झालेल्या चाचण्यांना पास समजणे परवडणारे नाही.

एक अपवाद मात्र करावा. बदललेले फोल्डर शोधणारा पहिला जॉब ‘वगळलेला’ असता कामा नये. त्याचा निकाल यशस्वीच असला पाहिजे, कारण तोच कोसळला तर बाकीचे सर्व जॉब वगळले जातील आणि सगळे काही सुरळीत असल्याचा भास होईल.

जुना एक उपाय अजूनही अनेक ठिकाणी सापडतो: त्याच नावाचा दुसरा वर्कफ्लो लिहायचा, त्याला उलटी पाथची अट लावायची आणि त्यातल्या जॉबने काहीही न करता यशस्वी म्हणून बाहेर पडायचे. तो चालतो, पण तो आम्हाला पसंत नाही. सर्व्हर आणि साचे या दोहोंत बदल करणाऱ्या पुल रिक्वेस्टवर दोन्ही वर्कफ्लो चालतात आणि एकाच नावाचे दोन निकाल समोर येतात. त्यांतला कोणता खऱ्या चाचणीचा आणि कोणता पोकळ, हे नवख्या माणसाला कळत नाही. शिवाय एका फाइलमधली पाथची यादी वाढवली आणि दुसरीतली राहून गेली, की पुन्हा पहिल्यासारखेच होते.

बदललेल्या फाइल शोधताना: देवनागरी नावांची अडचण

पहिल्या जॉबसाठी तयार ॲक्शन (इतरांनी लिहून ठेवलेली पायरी) वापरण्याची प्रथा आहे. येथे सावध राहावे असे वाटते. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ या खात्यातील ‘चेंज्ड-फाइल्स’ ही नेमकी याच कामासाठी वापरली जाणारी ॲक्शन हल्लेखोरांच्या हाती गेली. तिच्या आवृत्त्यांचे टॅग घातक कमिटकडे वळवले गेले आणि ती वापरणाऱ्या वर्कफ्लोंमधील गुपिते रनच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. २३ हजारांहून अधिक रिपॉझिटऱ्या ती वापरत होत्या आणि हा प्रकार सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२५-३००६६ या क्रमांकाने नोंदला गेला. सार्वजनिक रिपॉझिटरीचे लॉग कोणीही वाचू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रसंगाचे गांभीर्य कळते. बाहेरची ॲक्शन वापरायचीच असेल, तर टॅगऐवजी पूर्ण कमिट एसएचएवर (कमिटच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकावर) ती पक्की करावी. पण फाइलची यादी काढणे हे काम गिटच्या, म्हणजे गिटहबच्या मुळाशी असलेल्या बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, एका आज्ञेने होते. त्यासाठी परका कोड आणण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

ती आज्ञा म्हणजे ‘गिट डिफ’ला ‘नेम-ओन्ली’ हा पर्याय देणे. चेकआउटची (रनमध्ये कोड उतरवून घेणारी) ॲक्शन मुळात एकच कमिट आणते, त्यामुळे तुलना करायला मागचे काहीच नसते. ‘फेच-डेप्थ’ शून्य ठेवून संपूर्ण इतिहास आणावा. पुल रिक्वेस्टच्या रनमध्ये मुळात जो तात्पुरता मर्ज कमिट चेकआउट होतो, त्याचा पहिला पालक म्हणजे लक्ष्य ब्रँचचे टोक; त्याच्याशी तुलना केली की नेमका या पुल रिक्वेस्टचा बदल मिळतो.

यानंतरचा खड्डा मात्र मराठी नावे वापरणाऱ्यांसाठीच राखून ठेवल्यासारखा आहे. आमच्या फोल्डरचे नाव ‘पट्टी-साचे’ असे देवनागरीत आहे, आणि त्यातील फाइलही ‘हळद-पट्टी’, ‘बेदाणा-पट्टी’ अशा आहेत. साचे सांभाळणारी मंडळी आडत व्यवहार जाणणारी आहेत, प्रोग्रामर नव्हेत. त्यांना रोमन नावे शिकवण्यापेक्षा प्रणालीने देवनागरी नावे समजून घ्यावीत, हे आमचे धोरण आहे. गिट देवनागरी नावे व्यवस्थित साठवते. पण ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही गिटची सेटिंग मुळात चालू असते आणि ती चालू असताना गिट ॲस्कीबाहेरच्या (इंग्रजी अक्षरे-अंकांपलीकडच्या) अक्षरांचे बाइट अष्टमान अंकांत छापते आणि संपूर्ण नाव दुहेरी अवतरणात घालते. यूटीएफ-८ मध्ये ‘प’ हे एक अक्षर तीन बाइटचे असते. त्याच्या जागी बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४, बॅकस्लॅश २५२ असे छापलेले दिसते. मग ‘ओळीची सुरुवात पट्टी-साचे या शब्दाने होते का’ असे विचारणाऱ्या अटीला उत्तर कायम ‘नाही’ असेच मिळते: एक तर ओळ अवतरणचिन्हाने सुरू होते, आणि दुसरे म्हणजे तिच्यात ‘प’ नसतोच.

याचा परिणाम असा की साच्यात बदल असूनही साच्यांची तपासणी वगळली जाते आणि एकत्रित निकाल हिरवा येतो. लॉगमध्ये अंकांची ती माळ पाहिल्याशिवाय हा दोष सापडत नाही. उपाय सोपा आहे: त्या आज्ञेत ‘गिट’ शब्दानंतर लगेच उणे सी देऊन ‘कोअर डॉट कोटपाथ’ला ‘फॉल्स’ हे मूल्य द्यावे, म्हणजे नावे जशीच्या तशी छापली जातात. फाइलच्या नावांत रिकाम्या जागा असण्याची शक्यता असेल, तर उणे झेड हा पर्याय अधिक भरवशाचा, कारण तो अवतरणे न घालता प्रत्येक नावानंतर शून्य बाइट ठेवतो. मात्र मग पुढच्या आज्ञेलाही शून्य बाइटवर नावे तोडायला सांगावे लागते.

मर्ज क्यू सुरू केल्यानंतर

मर्ज क्यू ही सोय गिटहबने जुलै २०२३ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी खुली केली. संस्थेच्या खात्यातील सार्वजनिक रिपॉझिटऱ्यांना ती मिळते. खासगी रिपॉझिटरीसाठी एंटरप्राइझ क्लाउडची योजना असावी लागते. ‘मर्ज’ऐवजी ‘मर्ज व्हेन रेडी’ दाबले की पुल रिक्वेस्ट रांगेत जाते. गिटहब लक्ष्य ब्रँचचे ताजे टोक, रांगेत पुढे असलेले बदल आणि हा बदल असे तिन्ही मिळवून एक तात्पुरती ब्रँच बनवते आणि त्या एकत्रित स्थितीवर आवश्यक चेक पास झाले तरच मेनमध्ये मर्ज करते. हळदीच्या हंगामात दोन जणांनी एकाच वेळी हमालीच्या हिशोबाला हात लावला, दोघांच्या पुल रिक्वेस्ट वेगवेगळ्या हिरव्या होत्या आणि एकत्र आल्यावर मोडल्या, अशा घटना ही सोय टाळते. उपयुक्त आहे यात शंका नाही.

पण ती चालू केल्याबरोबर पिवळी ओळ रांगेत दिसू लागते. रांगेतील तात्पुरत्या ब्रँचसाठी ‘पुल रिक्वेस्ट’ ही घटना घडत नाही. तिच्यासाठी ‘मर्ज’ आणि ‘ग्रुप’ हे दोन शब्द अंडरस्कोअरने जोडलेली वेगळी घटना आहे. वर्कफ्लोच्या ‘ऑन’ भागात ‘पुल रिक्वेस्ट’च्या शेजारी ही घटना लिहिली नसेल, तर रांगेत वर्कफ्लो सुरूच होत नाही, आवश्यक नावाचा निकाल येत नाही आणि ठरलेली मुदत संपल्यावर पुल रिक्वेस्ट रांगेबाहेर काढली जाते. पुल रिक्वेस्टच्या पानावर सर्व काही हिरवे असताना ती बाहेर का पडली, हे म्हणूनच समजत नाही. ‘ऑन’मध्ये एक ओळ वाढवली की हे सुटते. बाहेरची सीआय सेवा वापरणाऱ्यांनी मात्र ‘जीएच-रीडओन्ली-क्यू’ या उपसर्गाने सुरू होणाऱ्या ब्रँचवरील पुशवर ती चालेल अशी सोय करावी.

पाथची अट दारावरून आत आणण्याचे आणखी एक कारण येथे मिळते: या घटनेला पाथची गाळणी लावता येतच नाही. आतल्या जॉबमध्ये तुलना करताना मात्र एक बदल करावा लागतो. रांगेतील रनमध्ये पुल रिक्वेस्टची माहिती नसते. त्याऐवजी घटनेच्या माहितीत या गटाच्या पालक कमिटचा एसएचए दिलेला असतो, त्याच्याशी तुलना करावी. हा बदल केला नाही तर तुलनेची आज्ञा रिकाम्या मूल्यावर चालते आणि फाइलच्या यादीत काहीतरी भलतेच येते किंवा काहीच येत नाही. यादी रिकामी आली तर सर्व चाचण्या चालवाव्यात, असा नियम पहिल्या जॉबमध्येच घालून ठेवणे आम्हाला श्रेयस्कर वाटते. शंका असेल तिथे जास्तीची चाचणी झाली तरी बिघडत नाही.

रूलसेट आणि जुने प्रोटेक्शन एकाच वेळी

रूलसेटही २०२३ मध्येच सर्वसाधारण वापरासाठी आले. जुन्या ब्रँच प्रोटेक्शनपेक्षा ते बरे आहेत. एकाच ब्रँचला अनेक रूलसेट लागू होऊ शकतात, आणि रिपॉझिटरी वाचण्याची परवानगी असलेल्या कोणालाही सक्रिय रूलसेट पाहता येतात. ही शेवटची गोष्ट मोठ्या मोलाची आहे, कारण प्रशासकाला फोन न करता पुल रिक्वेस्ट का अडली ते प्रत्येकाला स्वतः पाहता येते.

गोंधळ होतो तो स्थलांतरात. नवे रूलसेट तयार केल्याने जुने प्रोटेक्शन आपोआप जात नाही. दोन्ही एकत्र लागू होतात आणि एकाच बाबतीत दोन नियम असतील तर अधिक कडक नियम चालतो. म्हणून नव्या रूलसेटमध्ये फक्त ‘एकत्रित निकाल’ ठेवला, तरी जुन्या प्रोटेक्शनमधले ‘सर्व्हर चाचणी’ हे नाव अजून वाट पाहत असू शकते. सेटिंग्जमध्ये ‘ब्रँचेस’ आणि ‘रूल्स’ ही दोन्ही पाने उघडून पाहावीत. संस्थेच्या पातळीवर रूलसेट असेल तर तेही पाहावे. ते रिपॉझिटरीच्या प्रशासकाला बदलता येत नाही.

आवश्यक चेकसोबत त्याचा अपेक्षित स्रोतही निवडता येतो, म्हणजे तो निकाल कोणत्या ॲपने दिलेला असावा. चाचण्या बाहेरच्या सेवेवरून ॲक्शन्सवर आणल्या आणि नाव तेच ठेवले, तरी स्रोत जुनाच निवडलेला असेल तर नवा निकाल ग्राह्य धरला जात नाही. नाव जुळते, रन हिरवा आहे आणि तरीही अडले आहे, अशा वेळी हेच पाहावे.

इतर काही कारणे

पुल रिक्वेस्टमध्ये संघर्ष असेल, तर ‘पुल रिक्वेस्ट’ घटनेचे वर्कफ्लो सुरूच होत नाहीत. आधी संघर्ष सोडवावा. कमिट संदेशात ‘स्किप सीआय’ असेल, तर ते शब्द नसलेले नवे कमिट पुश करावे.

पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याने स्वतःच्या फोर्कमधून (रिपॉझिटरीच्या आपल्या प्रतीमधून) पुल रिक्वेस्ट पाठवली असेल, तर वर्कफ्लो चालवण्यासाठी सांभाळणाऱ्यांपैकी कोणाची तरी मंजुरी लागते. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी मुक्त स्रोत प्रकल्पांत हात घालू लागतात तेव्हा हे हमखास घडते. ‘मी पाठवले पण पुढे काहीच होत नाही’ असा त्यांचा निरोप येतो, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. मंजुरीचे बटण दाबण्यापूर्वी त्यांनी वर्कफ्लोच्या फाइलमध्ये काही बदललेले नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

आणखी एक कारण जरा फसवे आहे. कोडची मांडणी सुधारणारा वर्कफ्लो स्वतःच कमिट करून त्याच ब्रँचवर पुश करत असेल आणि त्यासाठी रनसोबत मिळणारे अंगभूत गिटहब टोकन (प्रवेशाची किल्ली) वापरत असेल, तर त्या पुशमुळे नवा रन सुरू होत नाही. वर्कफ्लोने वर्कफ्लोला अनंतकाळ जागवत राहू नये म्हणून ही तजवीज मुद्दाम केलेली आहे. परिणामी शेवटचे कमिट यंत्राचे असते आणि त्यावर एकही चेक नसतो. यासाठी गिटहब ॲपचे टोकन वापरता येते. आमच्या मते मात्र मांडणी चुकली असेल तर चेक नापास करावा आणि दुरुस्ती माणसाला करू द्यावी. ते अधिक सरळ आहे.

प्रशासकाच्या अधिकाराने नियम ओलांडून मर्ज करण्याचा मार्ग तातडीच्या वेळी मोकळा असावा, पण तो सवयीचा होऊ देऊ नये. त्या मार्गाने गेलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये ‘वाट पाहणारी’ कोणती आणि ‘नापास’ कोणती, हा फरक हळूहळू पुसट होत जातो, आणि मग पट्टीवर तोलाई दोनदा वजा झालेली शेतकऱ्याच्या नजरेस आधी पडते.

बदल कोणत्या क्रमाने करावेत

क्रम चुकला तर उपायच नवी अडचण उभी करतो. प्रथम नवा वर्कफ्लो मेनमध्ये जाऊ द्यावा आणि एकत्रित निकालाचा जॉब काही पुल रिक्वेस्टवर यशस्वीपणे चालू द्यावा. गेल्या सात दिवसांत रिपॉझिटरीत चाललेले चेकच आवश्यक म्हणून निवडण्याच्या यादीत दिसतात, म्हणून हे आधी होणे भागच आहे. नंतर नियमांत नवे नाव जोडावे आणि त्याच बैठकीत जुनी नावे काढावीत. मधल्या काळात उघड्या असलेल्या पुल रिक्वेस्टवर नव्या नावाचा निकाल नसतो, त्यामुळे त्या सर्व एकदम पिवळ्या होतात. प्रत्येकीवर ‘अपडेट ब्रँच’ दाबले की मेनमधला नवा वर्कफ्लो तिच्यावर चालतो आणि ती मोकळी होते. हे शेवटचे काम कोण करणार, ते आधीच ठरवून ठेवावे.

मर्ज क्यू याच वेळी सुरू करायची असेल तर ती सर्वांत शेवटी सुरू करावी, आणि ती रोजच्या वापरात घेण्यापूर्वी साच्यातील एका फाइलचा, सर्व्हरमधील एका फाइलचा आणि दोहोंचा मिळून असे तीन छोटे बदल रांगेतून पाठवून पाहावेत. साच्याचा बदल पाठवताना देवनागरी नावाची फाइलच निवडावी आणि साच्यांची तपासणी खरोखर चालली की वगळली गेली, हे लॉग उघडून पाहावे. हिरव्या खुणेवर विसंबू नये. आमच्याकडे असे बदल दिवाळीच्या सुमारास केले जातात. शून्य पेमेंटसाठी, म्हणजे मागची सारी देणी चुकती करण्यासाठी, बेदाण्याचे सौदे तेव्हा काही दिवस बंद असतात, साच्यांत कोणी हात घालत नाही आणि उघड्या पुल रिक्वेस्टही थोड्याच असतात.